कुत्र्यानं घरचंच खाल्लं होतं

"डॉक्टरसाब, एकच लफ्ज़ लिखना है. ज़हर. नीचे दस्तखत करो. बाकी मैं देख लेता." अमीनसाहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि दौतीचं झाकणही स्वतःच्या हातानं उघडून दिलं.

अमीन म्हणजे निजामाच्या राज्यातला फौजदार. आम्ही पाटलांच्या वाड्यासमोरच्या चावडीच्या ओट्यावर बसलो होतो. समोर गोणपाटावर पाटलांचा वाघ्या मरून पडला होता. उंच, सडपातळ, लांब तोंडाचा, तांड्यावरच्या शिकारी जातीचा कुत्रा. आणि चावडीच्या खांबाला थावरा बांधलेला होता. गावाबाहेरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा, तिशीचा माणूस. हात मागे, मान खाली. वाघ्याला त्यानं विष घातलं असा पाटलांचा आरोप होता.

मी म्हणालो, "आधी कुत्रं उघडतो. मग लिहितो."

"पिछले साल तो खोले बगैर लिख दिया था," अमीनसाहेब हसून म्हणाले. टोमणा नव्हता तो. उलट माझं कामच हलकं करायला निघाले होते ते. पण मला मात्र ते लागलं, कारण खांबाजवळून थावऱ्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

तो म्हणाला, "तेच सायेब हाय का हे? माह्या भावाचा कागद लिवनारे?"

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी मुंबईला शिकून निजामाच्या नोकरीत शिरलो होतो आणि हिंगोलीच्या मुलखात जनावरांचा डॉक्टर होतो. लोक आम्हाला सलोतरी म्हणत. गावाचं नाव लिहीत नाही. साखऱ्याच्या वाटेवर आहे एवढं पुरे. पाटलांची नातवंडं अजून तिथे नांदतात.

आदल्या वर्षीचं प्रकरण थोडक्यात सांगतो. याच पाटलांचं दुसरं एक कुत्रं असंच आषाढात मेलं होतं. माझ्या टेबलावर नुसता कागद आला. कुत्रं लाल मुतून मेलं, तांड्यावरच्या सोमलानं त्याला भाकर घातली होती, जहर कोणतं असावं ते कळवा. तेव्हा मी घटसर्पाच्या लशीत बुडालेलो होतो, दिवसाला दोन-दोनशे जनावरं टोचत होतो. उभ्या उभ्या खरडलं : "सोमलासारखे जहर असावे." सोमल हे एक जालीम विष, उंदरांना घालतात ते. आणि आरोपीचं नाव सोमला. कचेरीत लोक हसले म्हणे, नावातच जहर आहे म्हणून. माझ्या वाक्यातलं "असावे" उर्दूत जाता जाता वाटेतच गळालं. पहाऱ्याचं कुत्रं मारलं म्हणजे पुढे दरोडा घालायचा होता, असा अर्थ लावला गेला आणि सोमलाला दीड वर्षाची शिक्षा झाली. मी ते ऐकलं, आणि खरं सांगतो, विसरूनही गेलो.

आता त्याचा धाकटा भाऊ खांबाला बांधलेला होता. तोच पाटील, तोच आषाढ, तीच लाल लघवी. फरक एवढाच, की पाटलांनी या वेळी बैलांची दमणी पाठवून मला थेट गावातच आणवलं होतं, कारण त्यांचं दुसरं कुत्रं, चांद्या, अजून जिवंत होतं आणि ते वाचवायचं होतं.

मी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि वाघ्याचं पोट उघडलं. पोस्टमॉर्टेम म्हणजे शेवटी मेलेल्याला प्रश्न विचारणं. फक्त तो खोटं बोलत नाही एवढंच.

गावाकडे कुत्र्याला मारायचं तर दोनच विषं चालत. एक कुचला. त्यानं कुत्रं तास-दोन तासांत झटके देऊन लाकडासारखं ताठ होऊन मरतं. वाघ्या तर चार दिवस निपचित पडून मेला होता, तेव्हा कुचला बाद. दुसरा सोमल. त्यानं पोट आणि आतडी आतून सोलवटून निघतात. मी जठर उलटं करून पाण्यानं धुतलं. स्वच्छ. आतडीही स्वच्छ. सोमलाची खूण कुठेच नव्हती.

पण हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या होत्या. कलेजी पिवळी पडली होती. पानथरी, म्हणजे प्लीहा, फुगली होती. आणि मूत्राशयातून निघालेलं पाणी काताच्या पाण्यासारखं गडद लाल होतं. पाटील दोन पावलं मागे सरकले.

"बघा! आतून रगत फुटलं," ते म्हणाले. "जहर न्हाई तर काय मंग?"

मी सांगितलं, "हे रक्त नाही पाटील, रक्ताचा रंग आहे."

हे जरा उलगडून सांगतो. रक्तात लाल रंगाच्या अतिशय बारीक चकत्या असतात. काही कारणानं त्या अंगातल्या अंगात फुटायला लागल्या, की आतला रंग रक्तात मोकळा होतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. जखम कुठेच नसते. जनावर हळूहळू पांढरं पडत जातं आणि दम लागून मरतं. आमच्या भागात कुत्र्याला असं होण्याचं एक ठरलेलं कारण होतं, गोचीडताप. गोचीड चावतो, रक्तात जंतू सोडतो, जंतू चकत्या फोडतात. माझी ऐंशी टक्के खात्री झाली. मी मनातल्या मनात थावऱ्याला सोडलंसुद्धा.

मायक्रोस्कोपची लाकडी पेटी बरोबर होती. चांद्याच्या कानाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतलं, काचेवर पसरलं, रंगवलं आणि पाटलांच्या ओसरीच्या उजेडात डोळा लावून बसलो. गोचीडतापाचे जंतू ओळखायला सोपे असतात. चकतीच्या आत दोन थेंब, शेपटीला शेपटी लावून. पहिली स्लाइड पाहिली. काही नाही. दुसरी, तिसरी. काही नाही. चांद्याच्या अंगावर औषधाला गोचीड सापडला नाही. पाटलीणबाई रोज त्याला करंजाचं तेल चोळत होत्या.

मात्र दुसरंच काहीतरी दिसत होतं. चकत्यांच्या कडेला बारीक फुगवटा, फोड आल्यासारखा. एकीला, दुसरीला, तिसरीला. असं मी पूर्वी कधीच पाहिलं नव्हतं. पुस्तकातही नाही. गोचीडताप नाही, सोमल नाही, कुचला नाही, मग हे आहे तरी काय?

अमीनसाहेब मागे येऊन उभेच होते. "क्या हुआ? किडे मिले?"

"नाही मिळाले."

"तो फिर ज़हर. ऐसा कोई ज़हर जो तुमको मालूम नहीं. हौ ना?"

मला माहीत नसलेलं विष असूच शकत नाही, असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

आमच्या केसच्या कागदावर एक रकाना छापलेला असे, "खुराक". म्हणजे आजारी जनावरानं काय खाल्लं. मी लेखणी घेऊन पाटलांना विचारलं, "कुत्र्यांनी गेल्या आठवड्यात काय काय खाल्लं?"

"घरचंच."

मी लिहिलं, "घरचे". नोकरीला लागल्यापासून मी त्या रकान्यात हेच लिहीत आलो होतो. गाय असो, घोडं असो, कुत्रं असो, मालक म्हणणार घरचं, आणि मी लिहिणार घरचे. घरचं म्हणजे चांगलं. पुढे काय विचारायचं?

"बाहेरचं म्हनाल तर हे एवढंच," पाटलांनी थावऱ्याकडे बोट केलं. "एकादशीला आला. आमच्या घरी चूल पेटली न्हाई, समद्यायचा उपास. यानं फडक्यातून भाकर काढली अन् दोन्ही कुत्र्यायला घातली. चार मान्सांनी पाह्यलं. दुसऱ्या दिवशी वाघ्या लाल मुतला. गेल्या साली याच्या भावानं बी एकादशीलाच घातली. अन् तांड्यावरची कुत्री पाहा जाऊन, हरणावानी पळून राह्यली. गावात आमची दोन, कुलकर्ण्याचं एक, वाण्याचं एक दुखण्यानं बसलं. तांड्यात एक बी न्हाई. काहून?"

अमीनसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता आणखी काय हवं?

मी थावऱ्यालाच विचारलं, "एकादशीलाच का घातलीस भाकर?"

तो म्हणाला, "सायेब, या घरी एकादशीला कुत्र्याला बी उपासच ऱ्हातो. वाघ्या माह्या भावाच्या कुत्रीचं पिल्लू. आमच्याच तांड्यावर जलमलं. भाऊ दर एकादशीला त्याला भाकर आनून घालायचा. तो जेलात गेला, मंग म्या घालून राह्यलो. उपाशी कसं ठिवावं?"

पण हे सांगून त्यानं स्वतःचाच पाय खोलात घातला होता. भाकर मीच घातली, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं.

दुपार टळून गेली होती. पाटलीणबाईंनी आतून निरोप धाडला, साहेबांनी दोन घास खाऊन घ्यावेत, मग काय ते लिहावं. मी हातपाय धुऊन ओसरीवर पाटावर बसलो. ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, दोडक्याची भाजी. डोकं दुखत होतं. आणि मला एक खोड आहे, अजूनही आहे, भाकरीबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा नसला तर मला जेवल्यासारखंच वाटत नाही. मी सहज म्हणालो, "वहिनी, एक कांदा मिळेल का?"

पाटलीणबाई दाराआड होत्या. हसल्या. "सायेब, तुमी इसरले वाटतं. आता कार्तिकापर्यंत आमच्या घरी कांदा न्हाई. आपली कांदेनवमी झाली की."

झालीच होती. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून आषाढी एकादशीच्या आधीच्या नवमीला कांद्याचं सगळं करून पोटभर खाऊन घ्यायचं. आमच्याही घरी आई करायची. कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठं, कांद्याचा झुणका. लहानपणी दिवाळीनंतर मला तोच सण आवडायचा.

"एकही उरला नाही?" मी चेष्टेनं विचारलं.

"सालपट बी ठिवत न्हाई घरात. कनगीमागचे मोड आलेले सारे चिरून झुनक्यात टाकले. धा-बारा मान्सं जेवली तरी उरलंच. दशमीला ते घरात कसं ठिवावं? मंग नवमीच्या रातीच घमेलंभर कुत्र्यायला घातलं. दशमीपर्यंत पुरलं त्यायला."

घास माझ्या हातातच राहिला.

आम्हाला शिकवताना एका म्हाताऱ्या मास्तरांनी ओझरतं सांगितलं होतं, की जनावरं कांद्याच्या ढिगाऱ्यात शिरून सडके कांदे खातात तेव्हा त्यांची लघवी लाल होते. नोकरीत एकदा एक गोऱ्हा तसा पाहिलाही होता. कांदा बंद केला आणि तो बरा झाला. पण गोऱ्ह्याला कांदा मिळतो तो मोंढ्याच्या, म्हणजे बाजाराच्या, शेजारच्या उकिरड्यावर. कुत्र्याला घमेलंभर कांदा कोण घालतं? हा प्रश्न पुस्तक लिहिणाऱ्यालाही पडला नसणार. मुंबईत कुणी कांदेनवमीचा आणि कुत्र्याचा संबंध कशाला जोडील!

मी विचारलं, "कुलकर्ण्यांकडे आणि वाण्याकडेही चातुर्मास पाळतात?"

"व्हय तर. या गावात तीनच घरं पाळतात, नेमानं."

"आणि तांड्यावर?"

पाटीलच बोलले, "त्यायचं काय? त्यायला कांदेनवमी ठावी न्हाई."

तीन घरं, आणि त्या तीन घरांचीच कुत्री आजारी. पाटलांनी तांड्यातली ठणठणीत कुत्री पुरावा म्हणून पुढे केली होती. पुरावा खराच होता. फक्त त्यांनी तो उलटा धरला होता.

"गेल्या वर्षीही कुत्र्यांना घातलं होतं, वहिनी?"

"दर सालीच घालतो. सासूबाईपासून. आखाडात एखांदं कुत्रं मरतंच आमच्याकडं. पह्यली गावठी व्हती, कोन मोजतं? ही शिकारीची आनली मंग समद्यायला कळलं." असं म्हणता म्हणता त्या थांबल्या. माझा चेहरा त्यांना दिसला असावा. "काहून सायेब?"

मी सांगितलं. दुसरं काय करणार होतो? हलक्या शब्दांत सांगायला मला जमलंच नाही.

त्या दाराला धरून खाली बसल्या. "म्या घातलं वो," एवढंच म्हणाल्या. "लाडानं घातलं. वाघ्याला भजी आवडायची."

पाटलांचा चेहरा मात्र लाल झाला. "डॉक्टरसायेब, तुमी आमच्या घरी जेवून राह्यले अन् आमच्याच अन्नाला जहर म्हनून राह्यले? तेच आमी खाल्लं. लेकराबाळांनी खाल्लं. आमी मेलो का? आमच्यायहून कुत्र्याचं पोट नाजूक का? हाडं चावतं ते!"

त्यांचं काही चुकत नव्हतं. एक तासापूर्वी मीसुद्धा हेच म्हणालो असतो. माणसाला चालतं ते कुत्र्याला चालतंच, असं आपण धरून चालतो. शेकडो वर्षं ते आपल्या दारात आपलं उष्टं खाऊन जगत आलंय ना! पण कांद्यात असं काही आहे, जे आपल्या रक्ताला सोसतं आणि कुत्र्याच्या रक्ताला सोसत नाही. शिजवलं, तळलं, तरी जात नाही. एखाद्या तुकड्यानं काही बिघडत नाही. पण घमेलंभर खाल्लं तर ते मरतं, आणि लगेच नाही मरत. दोन-तीन दिवसांनी लघवी लाल होते, तोवर नवमी उलटून एकादशी होऊन गेलेली असते. आणि मधल्या दिवशी भाकर घातलेला माणूस सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतो.

अमीनसाहेबांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "प्याज? क्या बात करते, डॉक्टरसाब! मैं रोज खाता. कोर्ट में जा के बोलूँ, पाटील के कुत्ते को भजिये ने मारा? नौकरी जाएगी मेरी. सबूत लाव."

"देतो. एका कुत्र्याला कांदा घालून दाखवतो. तुमच्या जवानाच्या पहाऱ्यात, माझ्या दवाखान्यात कुलपात ठेवून. लाल मुतलं तर मानाल?"

ते मिशी ओढत म्हणाले, "मानूँगा. किसका कुत्ता?"

तिथे अडलं. पाटील देणार नव्हते. गावातलं भटकं धरलं तर त्याला आधी कुणी काय घातलं हे कोण सांगणार? मी विचार करत होतो आणि खांबाजवळून थावरा म्हणाला, "माही लखी न्या."

लखी म्हणजे त्याची कुत्री. वाघ्याची आईच ती, सोमलाची. तो जेलात गेल्यापासून थावऱ्याच्या दारात होती.

मला ते ऐकवेना. "अरे, मरेल कदाचित," मी म्हणालो.

"मले कळतंय, सायेब. भाऊ गेला, म्या बी गेलो तर दोन घरची लेकरं कोन पोसंल? पर मरू देऊ नका मातर. भाऊ आला की पह्यलं तिलाच इचारंल."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत लखी आणि दारावर अमीनसाहेबांचा जवान. माझे ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे मदतनीस, गफूरमियाँ यांनी डोळ्यांतून पाणी गाळत अर्धा शेर कांदा चिरला आणि बेसनात परतला. पाटलीणबाईंच्या झुणक्यासारखाच. लखीनं हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाल्लं. शेपटी हलवत खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा शेर. बाकी नुसतं पाणी आणि ज्वारीची भाकर. रोज तिची लघवी काचेच्या भांड्यात धरायची, जवानाला दाखवायची, चिठ्ठीवर त्याचा अंगठा घ्यायचा.

पहिला दिवस, पिवळी. दुसरा दिवस, पिवळी. कुत्री टुणटुणीत. माझं मन खचायला लागलं. अमीनसाहेबांचा निरोप आला, कागद तयार ठेवा म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी लखी उठली, पण जिना चढून आल्यासारखी धापा टाकू लागली. दुपारी तिनं भांड्यात लघवी केली. काताचं पाणी.

मी हे होणार असं बोललो होतो, मला ते हवंच होतं, तरी आधी मी खाली बसून लखीच्या पाठीवर हात ठेवला. मग भांडं उचलून जवानाला दाखवलं. गफूरमियाँ म्हणाले, "या अल्ला, दो दिन पहले मैंने ही पकाया, मैंने ही चखा."

अमीनसाहेब घोड्यावरून आले. भांडं बघितलं. लखीची हिरडी मी बोटानं उघडून दाखवली, फिकी पडत चाललेली. मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला, लखीच्या रक्तातही चकत्यांच्या कडेला तेच फुगवटे होते. त्या फुगवट्यांतलं त्यांना काही कळलं असेल असं वाटत नाही. पण ते स्टुलावर धपकन बसले. मोठा माणूस. दरोडेखोर बघितलेला, खून बघितलेला.

"तौबा," ते म्हणाले. "मेरे घर में भी कुत्ता है. बीवी रोज सालन-रोटी डालती."

थावऱ्याची दोरी त्याच दिवशी सुटली. लखीला मी महिनाभर ठेवून घेतलं. यावर उतारा असा काही नाही. कांदा बंद, आराम, आणि रक्त भरून यायला बकऱ्याची कलेजी आणि दूध. तिकडे चांद्यालाही तेच सांगून आलो होतो. दोघंही वाचले. पण लखीनं त्यानंतर माझ्या हातून कधी काही खाल्लं नाही. कलेजी गफूरमियाँच्या हातून खायची. मी दिली की तोंड फिरवायची. मला त्याचा राग आला नाही. तिचा हिशेब बरोबर होता.

आता उरला सोमला.

मी जुना कागद काढायला लावला. माझीच सही. मृत्यूची तिथी पाहिली, आषाढी पौर्णिमेचा आदला दिवस, म्हणजे कांदेनवमीनंतर पाच दिवसांनी. "सोमलासारखे जहर असावे." सोमल कुत्र्याला कसा मारतो हे मला तेव्हाही ठाऊक होतं. लाल लघवी त्यात बसत नाही हेही ठाऊक होतं. मी फक्त विचार केला नव्हता. खुराकाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात एकच शब्द होता, "घरचे". त्याच्याखाली, "बाहेरचे : भाकर, तांडा". एवढ्या दोन ओळींवर एक माणूस वर्षभर आत होता.

मी लिहिलं की माझा अभिप्राय चूक होता, तो रद्द करावा. वरून उत्तर आलं : दाखल झालेला अभिप्राय रद्द करण्याची तरतूद नाही, नवा अभिप्राय सोबत जोडता येईल. मी नवा जोडला. स्मरणपत्रं धाडली. अमीनसाहेबांनी, हे सांगितलं पाहिजे, आपल्या हातानं शिफारस लिहिली. कागद फिरत राहिला. सोमला सुटला तो शिक्षा संपायला तीन आठवडे उरले असताना.

सुटल्यावर तो दवाखान्यात आला. थावऱ्याहून उंच, पण वाकलेला. लखी बरोबर होती. मी उभा राहिलो. खुर्ची दिली, तो बसला नाही. मी माफी मागितली. साहेबानं तांड्यावरच्या माणसाची माफी मागायची त्या काळी रीत नव्हती. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "सायेब, एक इचारू? भाकरीत काही नव्हतं ना?"

"काही नव्हतं."

"जेलात रोज वाटायचं. माह्या बायकोनं पीठ दळलं, तवा उंदराचं औशद कुठं लागलं व्हतं का. तिला बी तसंच वाटून राह्यलं. आमी दोघं बी मनात तेच धरून बसलो. ते कुत्रं माह्या हातानंच मेलं म्हनून."

मी पुन्हा म्हणालो, "तुझ्या भाकरीत काही नव्हतं. तू घातलेली भाकर हीच त्या आठवड्यात त्याला मिळालेली एकमेव धड गोष्ट होती."

"हं," तो म्हणाला. "हे तवाच सांगायला पाहिजे व्हतं." आणि लखीला घेऊन निघून गेला.

पुढे बऱ्याच वर्षांनी वाचण्यात आलं, की कांद्यानं कुत्र्याचं रक्त फुटतं हे परदेशातल्या लोकांना आमच्या आधीपासून माहीत होतं. लसणाचंही तसंच. असेल. आमच्यापर्यंत ते पोचलं नव्हतं, आणि पोचलं असतं तरी कांदेनवमीचं घमेलं त्यांच्या पुस्तकात नव्हतंच. पाटलांच्या घरात उरलेला कांदा पुढे गावातल्या लोकांना वाटून टाकू लागले. पाटलीणबाईंनी तो नियम घातला. पाटील मात्र शेवटपर्यंत म्हणत, डॉक्टर चांगला, पण जरा चक्रम.

अजून लोक मला विचारतात, कुत्र्याला घरचं दिलं तर चालतं ना? मी म्हणतो, भाकर चालते, भात चालतो, उकडलेलं मांस-अंडं चालतं. पण "घरचं" म्हणजे काय ते आधी सांगा.

निवृत्त होईपर्यंत त्या रकान्यात मी "घरचे" हा शब्द पुन्हा लिहिला नाही. दवाखान्यात नवीन माणूस आला की त्याला पहिली गोष्ट ही सांगायचो : मालक "घरचं" म्हणाला, की लेखणी खाली ठेव, आणि सण कोणता होऊन गेला ते विचार.